टेबलावरचा डबा हलका, पण मागच्या खोलीचे काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा अधिकृत आधार संपला आणि तेव्हापासून नागपुरातल्या लहानमोठ्या कार्यालयांतून माझ्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत आहे. इतवारीतली घाऊक पेढी असो, हिंगण्याच्या एमआयडीसीतला सुट्या भागांचा कारखाना असो किंवा एखादी पतसंस्था असो, सगळीकडे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले संगणक आहेत. ते कुरकुरत का होईना चालतात, पण त्यांत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे, आणि त्यामुळे विंडोज ११ त्यांवर रीतसर बसत नाही. मग कोणीतरी मालकांना सुचवतो की सगळे संगणक नवे घेण्यापेक्षा एक चांगला सर्व्हर घ्या, टेबलांवर थिन क्लायंटचे डबे ठेवा, निम्म्या पैशांत भागेल. मालकांचा फोन येतो आणि पहिले वाक्य ठरलेले असते, "भाऊ, हा डबा केवढ्याले पडते?"

कार्यालयांची नेटवर्क उभारण्याच्या आणि सांभाळण्याच्या धंद्यात मी बरीच वर्षे आहे. काही ठिकाणी मी थिन क्लायंट बसवले आहेत आणि काही ठिकाणी आग्रह असूनही बसवू दिलेले नाहीत. डब्याच्या किमतीवरून हा निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. डबा स्वस्त असतो हे खरे, पण त्याच्या वाट्याचे काम दुसऱ्या यंत्रावर टाकलेले असते म्हणून तो स्वस्त असतो. वीस टेबलांवर विखुरलेली जबाबदारी उचलून एका खोलीत ठेवली जाते, आणि त्या खोलीची निगा कोण राखणार हे ज्या कार्यालयात ठरलेले नाही, तिथे वीस जुने संगणकच बरे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थिन क्लायंट हा तळहातावर मावेल एवढा, बहुधा पंखा नसलेला संगणक असतो आणि तो मॉनिटरच्या मागे अडकवताही येतो. त्यात साधा प्रोसेसर, बेताची मेमरी आणि सर्व्हरशी जोडून घेण्यापुरती प्रणाली असते. हिशोबाचे सॉफ्टवेअर, एक्सेल, ई-मेल, ब्राउझर हे सारे सर्व्हरवर चालते. तुम्ही दाबलेली कळ आणि हलवलेला माऊस सर्व्हरकडे जातो आणि पडद्याचा जेवढा भाग बदलला असेल तेवढ्याचे चित्र सर्व्हरकडून परत येते. विंडोजमध्ये या देवाणघेवाणीच्या पद्धतीला आरडीपी म्हणतात. एकाच विंडोज सर्व्हरवर प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतंत्र सेशन, म्हणजे कामाचा वेगळा कप्पा, उघडायचे, ही याची साधी पद्धत; अशा सर्व्हरला टर्मिनल सर्व्हर म्हणतात. प्रत्येकाला सर्व्हरच्या पोटात पूर्ण वेगळा आभासी संगणक द्यायचा, ही महागडी पद्धत, जिला व्हीडीआय म्हणतात. दहा ते पन्नास माणसांच्या कार्यालयाला पहिली पुरते आणि या लेखात मी तिच्याविषयीच बोलत आहे.

कल्पना मुळीच नवी नाही. १९७०च्या दशकातली आयबीएमची ३२७० टर्मिनले, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, किंवा १९७८मध्ये आलेले डेक या कंपनीचे व्हीटी१०० यांच्यात स्वतःची अक्कल फारशी नव्हतीच. सगळे डोके मागच्या मोठ्या यंत्रात असे. आपल्याकडे संगणकीकृत रेल्वे आरक्षण १९८०च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीपासून सुरू झाले, तेही खिडकीवर टर्मिनल आणि आत मोठा संगणक याच तत्त्वावर. पुढे टेबलाटेबलावर पीसी आले आणि ही पद्धत मागे पडली. विंडोजवर एकाच वेळी अनेकांनी काम करण्याची सोय सिट्रिक्स या कंपनीने १९९५मध्ये विनफ्रेम या नावाने आणली आणि मायक्रोसॉफ्टने तेच तंत्र परवान्यावर घेऊन १९९८मध्ये विंडोज एनटी ४.०ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांनी १९९६च्या सुमारास नेटवर्क कॉम्प्युटर हा स्वस्त डबा पीसीला हद्दपार करील असे मोठ्या आवाजात सांगितले होते. तसे काही झाले नाही. उलट पीसीच इतका स्वस्त झाला की डब्याचे आकर्षण संपले. किमतीच्या मुद्द्यावर थिन क्लायंट तेव्हाही हरला होता, हे आजच्या खरेदीदाराने लक्षात ठेवलेले बरे.

तरीही मी तो बसवतो, याला कारण नागपूरची वीज आणि नागपूरचा उन्हाळा.

गांधीबागेतल्या एका कापडाच्या पेढीचे उदाहरण घेतो. तिथे हिशोबाच्या फायली एका संगणकावर शेअर केलेल्या होत्या आणि बाकीची टेबले लॅनवरून त्या उघडून त्यांत नोंदी करीत असत. या पद्धतीत प्रोग्राम चालतो प्रत्येकाच्या टेबलावर, पण डेटा राहतो दुसऱ्याच यंत्रात. नोंद लिहिली जात असताना एका टेबलाची वीज गेली, टेबले जोडणारा नेटवर्कचा स्विच बंद पडला किंवा वायर हलली, की फाईल अर्धवट लिहिली जाऊन बिघडण्याचा धोका असतो. मग ती दुरुस्त करा, कालचा बॅकअप शोधा, गेलेल्या पावत्या पुन्हा चढवा, असा दिवस जातो. टर्मिनल सर्व्हरवर प्रोग्राम आणि डेटा एकाच यंत्रात शेजारीशेजारी असतात. बसवून झाल्यावर वैशाखातल्या एका दुपारी गल्लीतली वीज गेली, जनरेटर लागेपर्यंत टेबले काळी झाली, आणि वीज आल्यावर मुनीमकाकांनी पुन्हा लॉगिन केले तेव्हा पडद्यावर त्यांची अर्धी भरलेली पावती जशीच्या तशी होती. पार्टीचे नाव, मालाचा प्रकार आणि मीटरच्या रकान्यात लुकलुकणारा कर्सर, सगळे जागच्या जागी. डबा बंद पडला तरी सर्व्हरवरचे सेशन जिवंत राहते, ते फक्त तुटलेल्या अवस्थेत वाट पाहत असते. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हे तर आपली वाटच पाहून राहिलं होतं." पेढीच्या शेठजींना मी दाखवलेली कोणतीही आकडेमोड यापुढे फिकी होती. अर्थात हे सुख सर्व्हर आणि मधला स्विच युपीएसवर असेल तरच मिळते. स्विचला युपीएस न देणारी माणसे मी पाहिली आहेत आणि स्विच परत सुरू होईपर्यंत अख्खे कार्यालय हातावर हात धरून बसलेलेही पाहिले आहे.

दुसरे कारण धूळ आणि उष्णता. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, घराबाहेर पाऊल टाकवत नाही. बहुतेक लहान कार्यालयांत एसी साहेबांच्या केबिनमध्ये असतो आणि बाकीच्यांना कूलर. कूलर हवा गार करतो, पण ती ओलसर करून सोडतो आणि खिडकीबाहेरची धूळही आत ओढतो. डेस्कटॉपच्या पंख्याने ही ओलसर धूळ खाऊन खाऊन आत जो काळपट थर साचतो, तो खरवडण्याचे काम उन्हाळ्यात आमच्या पोरांना पुरून उरते. पंखाच नसलेल्या डब्यात हा प्रकार उद्भवत नाही. त्यात फिरणारी हार्ड डिस्कही नसते. कारखान्याच्या स्टोअरमध्ये, वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांमध्ये किंवा कळमन्याच्या बाजारातल्या अडत्याच्या टेबलावर, जिथे धूळ ही हवेसारखीच गृहीत धरावी लागते, तिथे मी डोळे मिटून थिन क्लायंट सुचवतो.

विजेच्या बचतीविषयी मात्र विक्रेते जे सांगतात ते कागद-पेन्सिल घेऊन तपासावे. एक जुना डेस्कटॉप कामात असताना सुमारे ८० वॅट घेतो असे धरा. वीस डेस्कटॉप म्हणजे १६०० वॅट. डबा सुमारे १० वॅट घेतो. वीस डबे २०० वॅट आणि लहान टॉवर सर्व्हर आणखी २००, म्हणजे ४०० वॅट. मॉनिटर दोन्हीकडे तेच. फरक १२०० वॅटचा, आठ तासांत साडेनऊ युनिटांहून थोडा जास्त. इथवर गणित सुंदर आहे. पण सर्व्हर रात्री बंद होत नाही, म्हणून उरलेल्या सोळा तासांची तीन युनिटे वजा करा. आणि आता त्या सर्व्हरसाठी बंद खोलीत चोवीस तास एसी लावला व तो सरासरी ४०० वॅट जरी खाऊ लागला, तरी दिवसाची साडेनऊ युनिटे तिथेच संपतात. महावितरणचे बिल कमी होण्याऐवजी वाढते. बचत खरी होते ती युपीएसमध्ये. मॉनिटरांसह जिथे सुमारे २००० वॅटचा भार बॅटरीवर टाकावा लागत होता तिथे आता सुमारे ८०० वॅटचा टाकावा लागतो, म्हणून लहान युपीएस पुरतो किंवा त्याच बॅटऱ्यांवर दुपटीहून जास्त वेळ काम चालते. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते, हे लक्षात घेतले की नागपुरात बॅटऱ्या कमी असणे याचा अर्थ काय, ते दर दोन-तीन वर्षांनी बॅटऱ्या बदलणाऱ्यांना सांगावे लागत नाही. शिवाय सर्व्हर मागच्या खोलीत असल्याने कार्यालयाच्या हॉलमध्ये १४०० वॅटची उष्णता कमी सोडली जाते, म्हणजे एक मोठा हीटर कायमचा बंद केल्यासारखे होते, आणि मेमध्ये हा फरक अंगाला कळतो.

आता मागच्या खोलीकडे वळतो. आमच्याकडे सर्व्हर रूम या नावाखाली मला जिन्याखालची अडगळ, माळा, देवघराशेजारचा कोनाडा आणि एकदा तर बंद केलेले न्हाणीघर दाखवण्यात आले आहे. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांदरम्यान असावी, अशी अमेरिकेतल्या अश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे, आणि पत्र्याच्या छताखालचा माळा मेमध्ये कुठवर तापतो ते नागपूरकरांना ठाऊक आहे. तिथे कूलर लावू, असे कोणी म्हणाले की मी हात जोडतो. बंद खोलीत ओल्या हवेचा झोत सर्व्हरच्या पंख्यांवर सोडणे ही यंत्राची सेवा नव्हे. खोली लहान, आतल्या बाजूची, उन्हाची भिंत नसलेली निवडली तर एसीवरचा भार फार कमी होतो. हे सगळे डब्यांची ऑर्डर देण्याआधी ठरवायचे असते, नंतर नव्हे.

एका यंत्रावर सगळे अवलंबून असणे हा या रचनेचा उघड दोष आहे. वाड्याला एकच विहीर असली की तिच्या रहाटाची काळजी सगळ्यांनी घ्यावी लागते, तसे इथे आहे. म्हणून सर्व्हरमध्ये दोन पॉवर सप्लाय, आरसा-पद्धतीने एकमेकांची प्रत ठेवणाऱ्या दोन एसएसडी आणि रोजचा बॅकअप ही चैन समजू नये. बॅकअपची एक प्रत त्याच खोलीत न ठेवता दुसऱ्या जागी ठेवावी. ज्याला परवडते त्याने दुसरा, थोडा दुबळा सर्व्हर तयार ठेवावा. ज्याला परवडत नाही त्याने निदान दोन जुने डेस्कटॉप, ज्यांच्यावर विंडोज ११ चालते असे, महत्त्वाच्या सॉफ्टवेअरसह कपाटात ठेवावेत, म्हणजे सर्व्हर दुरुस्तीला गेला तरी गल्ल्यावरचे बिल फाटत राहील. वीस जणांसाठी मी साधारण आठ ते सोळा कोअरचा प्रोसेसर आणि ६४ जीबी रॅम धरतो. नुसत्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरसाठी एवढे लागत नाही. रॅम खाणारा खरा राक्षस ब्राउझर आहे, आणि प्रत्येकाने बारा-पंधरा टॅब उघडून ठेवले की कितीही रॅम अपुरी पडते. दुपारच्या सुट्टीत चार जणांनी व्हिडिओ लावले तर पाचव्याची पावती अडकते, हेही आधी सांगून ठेवावे.

ज्या मुद्द्यावर सर्वाधिक योजना फसतात तो मात्र सर्व्हर किंवा डबा यांपैकी कोणताही नाही. टेबलावर त्या डब्याला काय काय जोडायचे आहे, याचा विचार कोणी करत नाही.

कर सल्लागाराच्या कार्यालयात डिजिटल सिग्नेचरचे टोकन असते, म्हणजे दिसायला पेनड्राइव्हसारखे, पण संगणकाच्या लेखी स्मार्ट कार्ड. ते एकच असल्याने आणि सगळ्यांना लागत असल्याने स्वाभाविकपणे कोणीतरी ते थेट सर्व्हरला लावून ठेवतो, आणि मग कोणाच्याच सेशनमध्ये ते दिसत नाही. यात बिघाड काही नाही. आरडीपीच्या रचनेत दूरच्या सेशनला सर्व्हरच्या अंगावरचे स्मार्ट कार्ड दिसतच नाही, ज्या टेबलावरून तुम्ही जोडले आहात त्या टेबलावरचे दिसते. म्हणजे टोकन डब्याला लावायचे, जोडणीच्या सेटिंगमध्ये स्मार्ट कार्डची खूण चालू ठेवायची आणि टोकनचा ड्रायव्हर सर्व्हरवर टाकायचा. काही डब्यांच्या स्वतःच्या प्रणालीला ते टोकनच ओळखू येत नाही. अशा वेळी सह्या करणाऱ्या टेबलासाठी पूर्ण संगणक ठेवणे हाच शहाणपणा. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी हा शोध लागू नये, एवढीच काळजी घ्यायची.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे दुखणे वेगळे आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, तीन-चार प्रतींत फाटते, म्हणून कार्बनच्या कागदावर ठोकणारा प्रिंटरच लागतो. आरडीपीची स्वतःची छपाईची सोय पान आधी चित्रात रूपांतरित करते आणि मग ते चित्र प्रिंटरकडे पाठवते. लेझर प्रिंटरला त्याने फरक पडत नाही, पण डॉट मॅट्रिक्स जी बिल्टी अक्षरांच्या स्वरूपात काही सेकंदांत काढतो तीच चित्र म्हणून टिंबाटिंबाने काढू लागतो. बाहेर ट्रकवाला हॉर्न देत असतो आणि आत प्रिंटर किरकिरत असतो. उपाय असा की प्रिंटर डब्याच्या मार्फत न जोडता लहान प्रिंट सर्व्हर लावून थेट लॅनवर आणायचा आणि सर्व्हरवर साध्या मजकुराचा ड्रायव्हर वापरायचा. बिल्टीवर देवनागरी मजकूर छापायचा असेल तर साध्या मजकुराचा हा मार्ग बंद होतो, तेव्हा कोणता मजकूर कोणत्या लिपीत हे आधी विचारून घ्यावे. पतसंस्थेतला पासबुक प्रिंटर, कळमन्यातल्या वजनकाट्याचा सिरियल पोर्ट, हजेरीचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र, धनादेशाचा स्कॅनर, या प्रत्येकाची अशीच कुंडली वेगळी असते आणि ती जुळते की नाही हे विक्रेत्याच्या पत्रकातून कळत नाही. प्रत्यक्ष एक डबा मागवून त्या टेबलावर लावूनच कळते.

मराठी टंकलेखन हाही असाच एक बारीक काटा आहे. सर्व्हरवर इन्स्क्रिप्ट कळफलक नीट बसवलेला असतो, तरीही कर्मचारी सांगतात की सकाळी मराठी होते आणि दुपारी गेले. याचे कारण असे की सेशन उघडताना डबा स्वतःचा कळफलक सर्व्हरवर लादतो. सर्व्हरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, दूरच्या कळफलकाकडे दुर्लक्ष करण्याची एक नोंद घालता येते आणि ती घातली की हा लपंडाव थांबतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांवर चालणारी जी सॉफ्टवेअरे हार्डवेअर लॉक, म्हणजे संगणकाला लावायची परवान्याची किल्ली, मागतात ती मात्र अनेक सेशनांत चालतील असे गृहीत धरू नये. सभेची इतिवृत्ते अजून त्याच फॉन्टांत लिहिणाऱ्या संस्थांनी याच निमित्ताने युनिकोडवर यावे, असे मी दर वेळी सुचवतो आणि दर वेळी सचिवसाहेब पुढच्या वर्षी पाहू म्हणतात.

परवान्यांचा हिशोब कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. विंडोज सर्व्हर घेतला, त्यासाठीचे साधे प्रवेश परवाने घेतले, तरी दूरच्या सेशनसाठी प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक यंत्रामागे आरडीएसचा, म्हणजे रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचा, वेगळा परवाना लागतो. तो न घेता सर्व्हर १२० दिवस निमूटपणे चालतो आणि त्यानंतर कोणालाही आत घेत नाही. बसवून देणाऱ्याने पैसे घेऊन काढता पाय घेतलेला असतो आणि चार महिन्यांनी एका सोमवारी सकाळी कार्यालय बंद पडते, असे प्रकार शहरात घडत असतात. डोमेन, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था, नसलेल्या लहान कार्यालयाने माणसामागचे परवाने घेतले तर विंडोज सर्व्हर २०१९पासून पुढे सेशन तासाभराने तुटते, म्हणून तिथे यंत्रामागचेच घ्यावे लागतात. ऑफिसच्या बाबतीत सामायिक संगणकावर चालण्याची मुभा असलेली योजनाच लागते, दुकानातून आणलेला खोका टर्मिनल सर्व्हरवर चालत नाही. टॅलीचा एका वापरकर्त्याचा सिल्व्हर परवाना पुरणार नाही, अनेकांसाठीचा गोल्ड घ्यावा लागेल. हे सगळे मिळवून पाहिल्यावर निम्म्या पैशांचे स्वप्न बहुधा विरून जाते, आणि तेव्हा कोणीतरी विंडोजच्या साध्या आवृत्तीवर अनेक सेशन उघडणारी फुकटची जोडतोड सुचवतो. ती परवान्याच्या अटींत बसत नाही आणि विंडोजच्या एखाद्या अपडेटने ती कधीही मोडते. मी ती करून देत नाही. खर्च खरोखर वाचवायचा असेल तर डब्यांवर वाचवावा, कारण जुन्या डेस्कटॉपची डिस्क काढून तो नेटवर्कवरून लिनक्सने सुरू करता येतो. १९९९मध्ये सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टने हे काम फार सोपे करून ठेवले आहे. ज्या संगणकावर विंडोज ११ बसत नाही तोच असा थिन क्लायंट म्हणून आणखी काही वर्षे काढतो, आणि अपडेट बंद झालेले विंडोज १० वापरण्याची वेळही येत नाही. धूळ खाणारा पंखा तेवढा तसाच राहतो.

सुरक्षिततेच्या बाजूने या रचनेचे पारडे जड आहे, पण अटीवर. टेबलावर डेटा नसल्याने डबा चोरीला गेला तरी पेढीच्या वह्या जात नाहीत, आणि पेनड्राइव्ह कुठे चालावा हे एका जागेवरून ठरवता येते. कंपन्यांना १ एप्रिल २०२३पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे बंधनकारक झाले आहे, आणि प्रत्येकाचे लॉगिन वेगळे असेल तरच त्या नोंदीला अर्थ राहतो. "अकाउंट्स" या एकाच नावाने सहा जण बसत असतील तर कोणी काय बदलले ते कळणार कसे? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते आणि लॉग, म्हणजे यंत्रातल्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. वीस संगणकांवरून ते गोळा करण्यापेक्षा एका सर्व्हरवर ठेवणे कितीतरी सोपे. पण हीच एकवटलेली जागा हल्लेखोरालाही सोयीची असते. मालकांना घरून हिशोब पाहायचा असतो म्हणून राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे आरडीपीचे दार, इंटरनेटला उघडून ठेवणे हा आमच्या शहरातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक प्रकार आहे. मे २०१९मध्ये उघड झालेली ब्लूकीप ही त्रुटी याच दारातून, पासवर्डशिवाय आत शिरू देणारी होती आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टला आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. बाहेरून यायचे तर व्हीपीएन या सुरक्षित बोगद्यातून किंवा आधी ओळख तपासणाऱ्या गेटवेमधून यावे. नुसता पोर्टचा आकडा बदलल्याने काही साधत नाही.

शाखांची गोष्ट आली की लोक वेगाविषयी, म्हणजे किती एमबीपीएस, एवढेच विचारतात. साध्या कार्यालयीन कामाला एका सेशनला सरासरी शंभर-दीडशे केबीपीएससुद्धा पुरतात. त्रास देतो तो विलंब. कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत ५० मिलिसेकंद गेले तर हाताला कळत नाही, १५० गेले तर टंकलेखन करणारा वैतागतो. नागपूर ते मुंबई साधारण ८०० किलोमीटरची फायबर धरली तर प्रकाशाला एका बाजूने चार मिलिसेकंद लागतात, बाकीचा वेळ वाटेतल्या राउटरांत जातो. गंमत अशी की वाडीचे गोदाम आणि रामदासपेठेतले मुख्य कार्यालय यांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट घेतले असेल, तर बऱ्याचदा अमरावती रोडने थोड्याच अंतरावर असलेला डेटा मुंबईला जाऊन परत येतो. दोन्हीकडे एकाच कंपनीची जोडणी घेतली की हा फेरा सहसा वाचतो. सर्व्हर स्वतःकडे न ठेवता पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेण्याचा मार्गही आहे, आणि ज्यांच्याकडे धड खोलीच नाही त्यांना तो मी सुचवतो. मात्र मग इंटरनेटच्या दोन जोडण्या, त्याही वेगळ्या वाटेने आलेल्या, असल्याच पाहिजेत, कारण रस्त्याच्या खोदकामात केबल तुटणे ही इथे अपवादाची घटना नाही.

काही ठिकाणी मी स्पष्ट नकार देतो. वास्तुविशारदांची कार्यालये, छपाईपूर्व कामे, व्हिडिओ संकलन, म्हणजे जिथे पडदा सतत आणि सगळाच बदलत असतो, तिथे हे तंत्र लहान खर्चात चालत नाही. दिवसभर व्हिडिओ बैठका असणाऱ्यांनाही नाही. चार-पाच माणसांच्या कार्यालयाला सर्व्हर, परवाने आणि खोली यांचा भार झेपत नाही. आणि ज्यांचे सगळेच काम ब्राउझरमध्ये होते त्यांना टर्मिनल सर्व्हरची गरजच उरत नाही, कारण त्यांचा सर्व्हर आधीच दुसऱ्याच्या खोलीत आहे. जुन्या संगणकावर लिनक्स आणि एक ब्राउझर टाकला की झाले.

बाकीच्यांना मी एवढेच सांगतो की आधी तीन डबे घ्या आणि ते सर्वांत अवघड तीन टेबलांवर लावा: रोखपालाचे, सह्यांचे टोकन असलेले आणि बिल्टी फाडणारे. सोपी टेबले नंतर आपोआप जुळतात. ही चाचणी एका महिन्याचे हिशोब बंद होऊन विवरणपत्र भरले जाईपर्यंत चालली पाहिजे. तिच्यासाठी मार्च धरू नये, कारण मार्चअखेरीस कोणालाही प्रयोग परवडत नाही, आणि दिवाळीच्या आधीचे दिवस व्यापाऱ्यांचे नसतातच. मी बहुधा नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ मागून घेतो. तेव्हा सुरुवात केली की वायरिंग, खोली आणि परवाने उरकून एसीची खरी परीक्षा होण्याआधी तीन-साडेतीन महिने हाताशी राहतात, आणि एप्रिलमध्ये खोलीचे तापमान २७च्या वर जात असेल तर नवतपाच्या आत काही करता येते.